दात काढण्याआधीच हाडाचं ठरवा: पुढे इम्प्लांट बसवायचं असणाऱ्यांसाठी

दात काढायचं ठरलं की मनात दोन प्रश्न येतात: दुखेल का, आणि त्या जागी नंतर काय बसवायचं? या दोन्हींच्या मधला प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. दात ज्या हाडात रोवलेला होता, त्या हाडाचं दात गेल्यावर काय होतं? मग वर्षभराने माणूस इम्प्लांटची, म्हणजे हाडात रोवून वर नवा दात बसवायच्या स्क्रूची, चौकशी करायला जातो आणि ऐकतो, "इथे हाड फार कमी उरलंय, आधी ते वाढवावं लागेल." तो चक्रावतो, कारण दात काढला तेव्हा हाडाचा विषयच निघालेला नसतो.

तो विषय वेळेवर निघावा म्हणून हा लेख. इम्प्लांटसाठी हाड राखायची सगळ्यात सोपी संधी म्हणजे दात निघतो ती बैठक. भूल दिलेली असते, खळगा उघडा असतो, चारही भिंती बऱ्यापैकी उभ्या असतात. नंतर हेच काम करायचं तर हिरडी पुन्हा उघडावी लागते आणि गेलेलं हाड नव्याने उभं करावं लागतं. त्यामुळे निर्णय दात तोंडात असतानाच घ्यायचा असतो. तुमच्या तोंडाची तपासणी तुमचे डॉक्टरच करणार, पण त्या खुर्चीत बसण्याआधी काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

हाड झिजतं ते का

जबड्याच्या हाडाचा जो वरचा भाग दातांना धरून ठेवतो, तो दातांसाठीच घडलेला असतो. दात उगवतात तसा तो तयार होतो, चावण्याच्या ताणावर टिकतो आणि दात गेला की शरीर तो हळूहळू काढून घेतं. मुळाभोवती बारीक तंतूंचा एक थर असतो. या तंतूंचं एक टोक मुळात आणि दुसरं खळग्याच्या आतल्या हाडी अस्तरात रुतलेलं असतं. दात निघाला की त्या अस्तराचं काम संपतं आणि पहिल्या काही आठवड्यांतच ते विरून जातं.

आता खळग्याच्या भिंती बघा. जिभेच्या किंवा टाळूच्या बाजूची भिंत जाड असते. ओठाच्या आणि गालाच्या बाजूची पातळ असते, आणि वरच्या पुढच्या दातांपाशी तर ती बहुतेकांची १ मिमीपेक्षाही कमी, नखाइतकी असते. इतक्या पातळ भिंतीत अस्तराखेरीज फारसं काही नसतंच. तिला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन बाजूंनी: आतून मुळाभोवतीच्या तंतूंच्या थरातून आणि बाहेरून हाडावरच्या पडद्यातून. दात निघाला की आतला पुरवठा तुटतो. त्यातच दात काढताना हिरडी सोलून बाजूला केली असेल, तर बाहेरचाही काही काळ तुटतो. म्हणून झीज दोन्ही बाजूंनी सारखी होत नाही. बाहेरची भिंत आधी आणि जास्त खचते, आणि हाडाचा कडा आत सरकल्यासारखा दिसू लागतो.

ही झीज किती होते? डेन्मार्कमधल्या लार्स श्रॉप आणि सहकाऱ्यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास दंतवैद्यकात वारंवार सांगितला जातो. मागचे दात काढलेल्या रुग्णांमध्ये कड्याची रुंदी वर्षभरात सरासरी १२ मिमीवरून जवळपास ६ मिमीवर आली, आणि त्यातली सुमारे दोन तृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतच झाली. नंतरच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात ६ महिन्यांत रुंदी सरासरी ३.८ मिमी आणि उंची १.२ मिमीच्या आसपास घटलेली दिसली. म्हणजे रुंदी उंचीपेक्षा खूप जास्त जाते. साध्या एक्स-रेत रुंदी दिसत नाही, त्यामुळे ही घट बराच काळ कुणाच्या लक्षातही येत नाही.

इम्प्लांटचं गणित यावरच अवलंबून आहे. इम्प्लांट साधारण ३.५ ते ४.५ मिमी जाडीचं असतं. त्याच्या भोवती सगळीकडून किमान १ मिमी आणि बाहेरच्या बाजूने शक्यतो २ मिमी हाड लागतं. म्हणजे ४ मिमीच्या इम्प्लांटला ७ मिमी रुंदीचा कडा असला तर काम निवांत होतं. ५ मिमी उरला असेल तर डॉक्टरांना आधी हाड वाढवावं लागतं किंवा बारीक इम्प्लांटवर भागवावं लागतं. पुढच्या दातांत आणखी एक अडचण येते. इम्प्लांट कसंबसं बसलं तरी हाडाबरोबर हिरडीही खाली गेलेली असते, आणि नवा दात शेजारच्यांपेक्षा लांब दिसतो. हसताना हे लपत नाही.

पायरी १: तुम्हाला याची गरज आहे का

सगळ्यांनाच नसते. अक्कलदाढ काढायची असेल आणि तिथे काही बसवायचं नसेल, तर खळगा आपोआप भरू द्यावा. जागा कायम रिकामी ठेवायची असेल तरीही हाडासाठी वेगळे उपचार करण्यात फारसा अर्थ नाही. पण इम्प्लांटची थोडी जरी शक्यता असेल, आणि विशेषतः आज नाही तर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने करायचं असेल, तर हा प्रश्न तुमचाच आहे. पुढच्या दातांच्या जागी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारावर बसवलेला खोटा दात) करणाऱ्यांनीही तो विचारावा, कारण हाड खचलं तर ब्रिजच्या खोट्या दाताखाली फट दिसते.

वरच्या मागच्या दाढांच्या बाबतीत वेगळं कारण असतं. त्यांच्या मुळांवर सायनसची, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची, पोकळी असते. दाढ गेली की ती पोकळी काही जणांत खाली उतरते आणि खालून हाडही झिजत असतं, त्यामुळे उंची दोन्हीकडून कमी होते. खालच्या दाढांखाली ओठाला संवेदना देणारी नस जाते आणि इम्प्लांटचं टोक तिच्यापासून २ मिमी तरी दूर ठेवावं लागतं. तिथे गेलेला प्रत्येक मिलिमीटर इम्प्लांटची लांबी कमी करतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हाड राखायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे वाचण्यासारखा दात वाचवणं. रूट कॅनाल आणि कॅपने दात टिकणार असेल तर इम्प्लांटच्या मोहाने तो काढू नका. उलट बाजूही तितकीच खरी आहे. मूळ उभं चिरलेला दात "दुखत नाहीये, राहू दे" म्हणून महिनोन्‌महिने ठेवला, तर चिरेतून जंतू जात राहतात आणि बाहेरची भिंत आतल्या आत खाल्ली जाते. मग दात काढायची वेळ येते तेव्हा राखायला भिंतच उरलेली नसते. दात वाचणार नाही हे दोन डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ताटकळत राहू नका.

पायरी २: दात काढण्याआधीची भेट

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते. दात काढायचा दिवस आणि त्याबद्दल बोलायचा दिवस शक्यतो वेगळे ठेवा. ठणका असह्य असेल तर अर्थातच हे जमणार नाही.

डॉक्टरांना सरळ सांगा, "डॉक्टर, मला या जागी पुढे इम्प्लांट करायचं आहे. आत्ता दात काढतानाच हाड राखण्यासाठी काही करता येईल का?" एवढ्या एका वाक्याने पुढचा सगळा बेत बदलू शकतो. मग बाकीचं विचारा. बाहेरची भिंत शाबूत आहे का? खळग्यात काही भरणार का, आणि ते कशापासून बनलेलं आहे? वरून काय झाकणार? दात काढायला हिरडी उघडावी लागेल का? इम्प्लांट कधी बसवता येईल, आणि तोवर रिकाम्या जागी काय लावायचं? भिंतीचं उत्तर ठामपणे द्यायला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. प्रत्येकाला तो लागेलच असं नाही, पण पुढच्या दाताचा प्रश्न असेल किंवा मुळाशी मोठा संसर्ग असेल तर आग्रह धरायला हरकत नाही.

याच भेटीत तुमच्या तब्येतीची सगळी माहिती द्या, दाताशी संबंध नाही असं वाटलं तरी. हाडं ठिसूळ होण्यावर किंवा कर्करोग हाडांत पसरण्यावर दिली जाणारी काही औषधं (अॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड, डेनोसुमॅब) चालू असतील किंवा पूर्वी घेतली असतील, तर दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं राहून मरण्याचा धोका असतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत हा धोका कमी असतो आणि कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत बराच जास्त, पण दोघांनीही सांगायलाच हवं. ही औषधं स्वतःहून बंद करू नका. डेनोसुमॅब अचानक थांबवल्याने मणक्याची हाडं मोडल्याची उदाहरणं आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. साधा दात काढायला त्या बऱ्याचदा थांबवाव्या लागत नाहीत, आणि थांबवायच्या असतील तर ते हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. जबड्यावर रेडिएशन झालं असेल तर ती माहिती सगळ्यात आधी द्या.

मधुमेह असेल तर गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी ताजी असू द्या. साखर आटोक्यात असलेल्या रुग्णांची जखम बहुधा व्यवस्थित भरते. साखर चढलेली असेल तर संसर्ग होऊन ग्राफ्ट, म्हणजे हाड राखायला खळग्यात भरलेलं साहित्य, वाया जाऊ शकतं.

राहिली सिगारेट आणि तंबाखू. धुराने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, खळग्यातली रक्ताची गुठळी टिकत नाही आणि ग्राफ्ट उघडं पडू शकतं. पुढे इम्प्लांटही हाडाशी नीट जुळत नाही. काही दिवस आधी थांबून निदान जखम बंद होईपर्यंत सोडाच. त्यानंतर पुन्हा सुरू करायची गरज काय, हे तुम्हीच ठरवा.

पायरी ३: दात कसा काढला जातो यावर लक्ष ठेवा

हाड राखायचं काम भरण-साहित्यापासून सुरू होत नाही, ते दात काढण्याच्या पद्धतीपासून सुरू होतं. चिमट्याने दात पकडून बाहेरच्या बाजूला जोरात वाकवला तर ती पातळ भिंत दाताबरोबर मोडून येऊ शकते. मग कितीही महागडं साहित्य भरलं तरी भिंत परत येत नाही.

जपून काढण्याची रीत वेगळी असते. पेरिओटोम नावाचं पातळ पात्याचं अवजार मूळ आणि हाड यांच्यामधल्या फटीत घालून मुळाभोवतीचे तंतू एकेक करून तोडतात. हे पातं बाजूच्या भिंतींवर चालवतात आणि बाहेरच्या पातळ भिंतीला शक्यतो हात लावत नाहीत. मग लक्सेटर नावाच्या अवजाराने मूळ हळूहळू सैल करतात. दाढेला दोन-तीन मुळं असतील तर दाढ ड्रिलने कापून प्रत्येक मूळ वेगळं काढतात, म्हणजे एका मुळासाठी दुसऱ्याच्या भिंतीवर जोर येत नाही. याला वेळ लागतो. तोंड उघडून उघडून जबडा अवघडतो, "अजून किती?" असं वाटतं. पण डॉक्टर घाई करत नसतील तर ते तुमच्या भल्याचंच आहे.

दात निघाल्यावर खळगा खरवडून मुळाशी साठलेला लालसर, मऊ, संसर्ग झालेला भाग काढतात आणि सलाईनने धुतात. मग डॉक्टर बारीक अवजाराने भिंती चाचपून बघतात. चारही भिंती शाबूत असतील तर काम सोपं. बाहेरच्या भिंतीला भोक किंवा मोठी फट असेल तर बेत बदलतो. अशा वेळी भिंतीच्या आतून मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, लावावं लागतं किंवा पुढच्या मोठ्या ग्राफ्टची तयारी ठेवावी लागते. पू वाहत असेल, सूज चढलेली असेल, तर बरेच डॉक्टर त्या दिवशी फक्त दात काढतात, संसर्ग शमू देतात आणि काही आठवड्यांनी पुढचं काम करतात. हे टाळाटाळ म्हणून घेऊ नका.

पायरी ४: खळग्यात काय भरतात

काही न भरता रक्ताची गुठळी तशीच राहू दिली तरी खळग्यात हाड तयार होतंच. फरक इतकाच की आत हाड भरत असताना बाहेरची भिंत खचत जाते. भरण टाकायचं कारण म्हणजे नव्या हाडाला आधार मिळावा आणि भिंत खचली तरी कड्याचा आकार टिकावा. यामुळे झीज थांबत नाही, कमी होते. काही न करण्याच्या तुलनेत सरासरी २ मिमीच्या आसपास रुंदी वाचते. ऐकायला हे थोडं वाटेल, पण वरचं ७ मिमीचं गणित आठवा. एकदाच्या कामात इम्प्लांट बसणं आणि आधी वेगळी शस्त्रक्रिया लागणं, यातला फरक बऱ्याचदा याच दोन मिलिमीटरचा असतो.

साहित्य चार प्रकारचं असतं. पहिलं तुमचंच हाड, जबड्याच्या दुसऱ्या भागातून खरवडून घेतलेलं. ते जिवंत असतं, पण लवकर विरघळतं आणि आणखी एक जखम करावी लागते. दुसरं मानवी दात्याचं, प्रक्रिया करून गोठवून वाळवलेलं हाड. तिसरं प्राण्याच्या हाडातला सगळा सेंद्रिय भाग काढून उरलेला खनिज सांगाडा, बहुधा गायीचा, काही वेळा डुकराचा. हे कण फार हळू विरघळतात, कित्येक तर वर्षानुवर्षं तसेच राहतात, त्यामुळे आकार छान टिकतो. चौथं कृत्रिम: ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सीअॅपेटाइट, बायोअॅक्टिव्ह ग्लास वगैरे. यातलं एक साहित्य बाकी सगळ्यांपेक्षा नक्की सरस, असं ठरलेलं नाही. डॉक्टरांचा हात ज्यावर बसलेला आहे ते सहसा चांगलं, असं माझं मत. मात्र प्राण्याच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या हाडापासूनचं काही नको असेल तर ते आधीच्या भेटीतच सांगा. अर्धं काम झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

भरलेले कण उघडे ठेवत नाहीत. वर कोलॅजनचा बोळा किंवा विरघळणारं मेम्ब्रेन ठेवतात, कधी टाळूवरून घेतलेला हिरडीचा छोटा तुकडा शिवतात, किंवा पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) न विरघळणारं पांढरं मेम्ब्रेन लावून ३-४ आठवड्यांनी काढून टाकतात. वरून आडवे-तिरपे टाके असतात. हिरडी ओढून खळगा पूर्ण बंद करायलाच हवा असं नाही.

पीआरएफबद्दल, म्हणजे स्वतःच्याच रक्तापासून केलेल्या गुठळीबद्दल, हल्ली बरेच जण विचारतात. फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली ही पद्धत मांडली. हातातून थोडं रक्त घेऊन, त्यात गोठू नये म्हणून काही न घालता ते यंत्रात फिरवतात, आणि नळीत पिवळसर जेलीसारखी गुठळी तयार होते. ती खळग्यात ठेवली की हिरडी चांगली भरते, दुखणंही कमी होतं. स्वतःचंच रक्त असल्याने ॲलर्जीची भीती नाही. पण एकट्या पीआरएफवर हाडाच्या रुंदीची भिस्त ठेवू नये. कणांबरोबर वापरलं तर उत्तम.

आणि दात काढल्या काढल्या लगेच इम्प्लांट? भिंती भक्कम असतील, संसर्ग नसेल आणि इम्प्लांटला खळग्याच्या तळाशी घट्ट पकड मिळत असेल तर करता येतं, एक शस्त्रक्रियाही वाचते. पण "लगेच इम्प्लांट बसवलं की हाड झिजत नाही" असं कुणी सांगितलं तर ते बरोबर नाही. बाहेरची भिंत तेव्हाही खचते. म्हणून इम्प्लांट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत त्यातही कण भरतात.

वाढत्या वयातल्या मुलांचा विचार वेगळा करावा लागतो. मार लागून दात गेला तरी जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट बसवत नाहीत, कारण इम्प्लांट हाडाबरोबर पुढे सरकत नाही आणि शेजारचे दात वाढत जातात तसं ते बुडाल्यासारखं दिसतं. काही वेळा हाडाला चिकटून बसलेल्या दाताचा वरचा भाग कापून मूळ हाडातच राहू देतात. ते मूळ हळूहळू हाडात मिसळतं आणि कडा टिकतो. मोठ्यांमध्येही कधी निकामी दात तारांनी अतिशय हळू वर ओढतात. त्याच्याबरोबर हाड आणि हिरडी वर येते, आणि मग तो काढतात. हे दोन्ही उपचार सगळीकडे सुचवले जात नाहीत, म्हणून माहीत असलेले बरे.

पायरी ५: पहिला दिवस आणि पहिले दोन आठवडे

गॉझचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून बघू नका. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, कारण त्या ओढीने गुठळी आणि कण दोन्ही सुटतात. तोंडात लाळ आली तर गिळा किंवा मान झुकवून ओघळू द्या. गालावर बाहेरून बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, मग तेवढाच वेळ काढा. झोपताना उशी थोडी उंच घ्या. खाणं मऊ आणि कोमट, दुसऱ्या बाजूने चावून.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेलं क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश) तोंडात हलकं फिरवून ओघळू द्या, जोरात गुळण्या नकोत. बाकीचे दात नेहमीसारखे घासा, फक्त त्या जागेपासून दूर राहा. जीभ तिथे सारखी जाते, तिला आवरा. बोटाने किंवा काडीने चाचपणं तर मुळीच नको.

पहिल्या काही दिवसांत वाळूसारखे एक-दोन कण तोंडात आले तर घाबरू नका, वरचे सैल कण निघतातच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जागेवर पांढरट-पिवळसर थर दिसतो. तो पू नसतो, जखम भरतानाचा नेहमीचा थर असतो. ओढून काढू नका. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. टाके साधारण ७ ते १४ दिवसांनी काढतात.

डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा तो या गोष्टींसाठी: अर्धा तास दाबून धरूनही रक्त थांबत नाही, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढते, ताप येतो, पू येतो, भूल उतरायची वेळ टळून गेली तरी ओठ बधिर आहे, बरेच कण एकदम बाहेर आले, किंवा वरची दाढ काढल्यावर पाणी पिताना ते नाकातून येतं. शेवटच्या प्रकारात सायनस उघडा राहिलेला असू शकतो, तेव्हा नाक जोरात शिंकरू नका आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर फोनवर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

दोन-चार दिवसांनी कमी झालेलं दुखणं एकदम उसळलं, कानापर्यंत ठणका गेला आणि तोंडाला वास येऊ लागला, तर बहुधा ड्राय सॉकेट झालेलं असतं, म्हणजे गुठळी सुटून हाड उघडं पडलेलं. धुऊन औषधाची पट्टी ठेवली की बहुधा लवकरच आराम पडतो. दुखणं अंगावर काढू नका.

पायरी ६: मधले महिने

हिरडी साधारण दीड महिन्यात बंद होते आणि वरून सगळं बरं दिसतं. आत मात्र काम चालूच असतं. पहिल्या आठवड्यात गुठळीच्या जागी मऊ ऊती येतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तळाकडून आणि भिंतींकडून कच्चं हाड तयार होऊ लागतं, आणि ते पक्कं व्हायला महिने लागतात. कण भरलेल्या जागी बहुधा ४ ते ६ महिने थांबतात, कोणतं साहित्य वापरलं त्यावर थोडं कमी-जास्त.

या काळात सगळ्यात जास्त नुकसान करते ती रिकाम्या जागेवर घातलेली घट्ट तात्पुरती कवळी. तिचा दाब थेट भरणाऱ्या जागेवर पडतो आणि राखलेलं हाड तिथेच झिजतं. शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात किंवा साच्यात बसवलेला दात चांगला, कारण त्याचा भार दातांवर जातो. कवळीच घालायची असेल तर त्या जागेवरून ती आतून खरवडून घ्या आणि टेकत नाही ना हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

दुसरं नुकसान होतं विसरण्याने. दुखत नाही, जागा मागे आहे, दिसत नाही, म्हणून सहा महिन्यांची दोन वर्षं होतात. भरलेलं हाडही कायमचं टिकत नाही. शिवाय शेजारचे दात झुकतात, समोरचा दात जागा सोडून खाली किंवा वर येतो. दात काढलेल्या दिवशीच पुढच्या तपासणीची तारीख घेऊन ठेवा.

पायरी ७: इम्प्लांटच्या वेळी, आणि उशीर झाला असेल तर

ठरलेल्या वेळी पुन्हा सीबीसीटी काढतात आणि रुंदी-उंची प्रत्यक्ष मोजतात. इम्प्लांट आणि शेजारच्या दातात १.५ मिमी, दोन इम्प्लांटांमध्ये ३ मिमी अंतर लागतं, तेही बघतात. ग्राफ्ट केलं म्हणजे आणखी काही लागणारच नाही, अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. बाहेरच्या बाजूला थोडी खोच उरली असेल तर इम्प्लांट बसवतानाच तिथे कण घालतात, आणि तो तुलनेने लहान उपचार असतो.

ज्यांचा दात काही न करता आधीच निघालाय, त्यांचेही मार्ग बंद झालेले नाहीत. दात जाऊन महिना-दोन महिने झाले असतील तर आजच दाखवा. हिरडी नुकती बंद झालेली असते आणि हाडाची सगळी झीज अजून झालेली नसते, त्यामुळे इम्प्लांट आणि ग्राफ्ट एकत्र करायला हा काळ बऱ्याचदा चांगला असतो. वर्षं गेली असतील तर कडा उभा चिरून रुंद करणं, हाडाचा तुकडा स्क्रूने बसवणं, वरच्या दाढांसाठी सायनस लिफ्ट (सायनसचा तळ उचलून खाली हाड भरणं) असे उपाय आहेत. त्यांना वेळ जास्त लागतो, सूज जास्त येते आणि डॉक्टरांचा अनुभवही जास्त हवा. हे नको असेल तर ब्रिज हाही प्रामाणिक पर्याय आहे.

दात काढणारे आणि इम्प्लांट बसवणारे डॉक्टर वेगळे असतील, आणि असं बऱ्याचदा होतं, तर पहिल्या डॉक्टरांकडून तीन गोष्टी मागून घ्या: दात काढण्याआधीचा आणि नंतरचा एक्स-रे किंवा स्कॅन, खळग्याची कोणती भिंत कशी होती याची एक ओळ, आणि भरलेल्या साहित्याच्या पाकिटावरचा नाव व लॉट नंबर असलेला स्टिकर. तो कागदाला चिकटवून फाईलमध्ये ठेवा. चार महिन्यांनी स्कॅनवर दिसणारे पांढरे ठिपके कशाचे, हे दुसऱ्या डॉक्टरांना मग अंदाजाने ठरवावं लागत नाही.